यकृतातला दिवा, निंबावरची गुळवेल

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्यापाठी गेली वीस वर्षं आहे. माझा मुलगा निखिल आता कॉलेजात जातो, तरी आमच्या पुण्याच्या घरात टेबलांच्या कोपऱ्यांना मी बांधलेले जुने मोजे तसेच आहेत. पाहुणे हसतात. हसू देत. निखिलला हिमोफिलिया आहे. रक्त गोठायला लागणारा एक घटक, डॉक्टरांच्या भाषेत फॅक्टर, त्याचं शरीर बनवत नाही, कारण तो बनवायचा कसा हे सांगणारं जीन त्याला माझ्याकडून मिळालं आणि ते बिघडलेलं मिळालं. लोकांना वाटतं, अशा माणसाला सुई टोचली तरी रक्त वाहतच राहतं. तसं नसतं. खरं भय आतलं असतं. नुसता हिसका बसतो, बाहेर काही दिसत नाही, आणि आत गुडघ्यात रक्त साचत जातं.

गेल्या वर्षी दक्षिणेतल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आम्हाला नव्या उपचाराबद्दल सांगितलं. बाई मूळच्या कोल्हापूरच्या, त्यामुळे निदान घाबरायचं तरी मराठीत झालं. विषाणूच्या पोटातलं त्याचं स्वतःचं सगळं काढून टाकायचं, त्या रिकाम्या डब्यात चांगलं जीन भरायचं आणि शिरेतून अंगात सोडायचं. असे डबे अंगभर फिरतात. पण जीनच्या पुढे एक बटण बसवलेलं असतं आणि ते फक्त यकृताच्या पेशींमध्येच दाबलं जातं. यकृतात दिवा लागतो, बाकी घरात अंधार.

"नको तिथे लागला तर?" मी विचारलं.

"म्हणून तर बटण निवडून बसवतात."

"फार मोठा लागला तर? बंद कसा करायचा?"

बाई म्हणाल्या, "कुठे लागावा ते आम्ही ठरवतो. किती लागावा तेही बरंचसं. बंद करायची सोय अजून नाही."

"आणि विझला तर?"

"तर हाच उपचार पुन्हा देता येत नाही. शरीर त्या विषाणूला एकदा ओळखून ठेवतं, दुसऱ्यांदा दारातच अडवतं. काहींच्या शरीरात ही ओळख आधीच झालेली असते, त्यांना पहिल्यांदाही देता येत नाही. निखिलच्या रक्ताची तशी तपासणी आधी करावी लागेल."

घरी आल्यावर माझी झोप उडाली. निखिल मात्र शांत होता. म्हणाला, "आई, वर्ध्याकडच्या त्या अमोलनं घेतलंय ना हे? तू एकदा त्याला बघून ये. तू न घाबरता परत आलीस तर मी हो म्हणतो."

"म्हणजे नाहीच म्हणायचंय तुला," त्याचे बाबा म्हणाले.

जामचा चौरस्ता

अमोलला मी आमच्या रुग्णांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून ओळखत होते. समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात आईबरोबर राहणारा, समुद्रपुरात कॉम्प्युटरवर लोकांचे अर्ज भरून देणारा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा. वर्ध्याला गाडीतून उतरून मी एसटीनं जामच्या चौरस्त्यावर आले. तिथे तो घ्यायला येणार होता. हिमोफिलियाचा माणूस म्हणून मी कुबडी शोधत होते, आणि समोर मोटारसायकलवर एक गोल चेहऱ्याचा, हसरा मुलगा.

"ताई, बसा ना मांगं."

"तू चालवतोस?"

"मंग कोण चालवन? काऊन घाबरून राह्यल्या? मले काई होत नाई आता."

मी जीव मुठीत धरून बसले. माझ्या जिवाची नव्हे, त्याच्या गुडघ्यांची भीती. खड्डा आला की मी डोळे मिटायची आणि हा पठ्ठ्या गाडी चालवता चालवता दोन्ही बाजूंचा फुटलेला कापूस दाखवायचा. डिसेंबरचं ऊन, काळी जमीन आणि तिच्यावर पांढरं शेत. पुण्यात आम्ही कापूस फक्त पट्टी बांधायला बघतो.

घरी अमोलची आई, यशोदाताई, दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघायच्या आधी त्याच्या पायांकडे बघितलं. ती नजर मी लगेच ओळखली. गेली वीस वर्षं मीही दार उघडताना आधी खाली बघते.

अमोल खाटेवर बसला तसा त्यांनी खुंटीवरचा काळा दोरा काढला आणि त्याच्या गुडघ्याभोवती फिरवला. दोऱ्याला एक गाठ होती. गुडघा चांगला असताना माप घेऊन मारलेली. दोऱ्याचं टोक गाठीला टेकलं तर बरं, अपुरं पडलं तर गुडघा सुजलाय. टोक टेकलं. दोरा परत खुंटीवर गेला.

"मी हाताची उलटी बाजू लावून बघते, गरम लागतो का," मी म्हटलं.

"हातावर माह्या भरोसा नाई, बाई. आईचा हात हाय, त्याले सारंच गरम लागते."

रात्रीच्या जेवणात ज्वारीची भाकर, भाजल्या वांग्याचं भरीत आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा होता. "सांभार टाकू का वरून?" असं यशोदाताईंनी विचारलं तेव्हा भरितावर सांबार कसं घ्यायचं या विचारानं मी घाबरून नको म्हटलं. इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात हे अमोलनं हसत सांगितलं. इकडच्या बायका 'मी येतो, मी करतो' असंच म्हणतात. मला ते पहिल्या दिवशी गमतीचं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी गोड.

यशोदाताईंचा धाकटा भाऊ याच आजारानं गेला होता. दाढ काढली आणि रक्त थांबलं नाही, एवढंच त्या बोलल्या.

शेत

सकाळी चहाच्या आधी स्टीलच्या पेल्यात गरम, गढूळ हिरवं पाणी आलं. एक मला, एक अमोलला.

"गुळवेल हाय. आमच्या निंबावरची. निंबावर चढेल गुळवेल लय गुणाची राह्यते."

कडू होतं, पण खाली गूळ होता. अमोलनं सवयीनं एका घोटात संपवलं. मी तारीफ केली, अर्धा पेला आणखी मागून घेतला, आणि पुण्याला न्यायला मिळेल का असंही विचारलं. यशोदाताई खूश झाल्या. अंगणातल्या कडुनिंबावर ती वेल हाताच्या अंगठ्याएवढी जाड होऊन चढली होती. त्यांनी तिचे वीतभर तुकडे कापले, चिंधीनं बांधले आणि स्वतः माझ्या बॅगेत ठेवले. "तुमच्या पोराले द्या रोज."

मग आम्ही शेतात गेलो. अमोल कमरेला ओटी बांधून बायकांच्या रांगेत कापूस वेचत होता. यशोदाताई धुऱ्यावर बसून त्याच्याकडे बघत होत्या. शेताच्या बांधाला इकडे धुरा म्हणतात.

"पहिले मी बसो तिथं," अमोल म्हणाला. "लहानपणापासून. सारे वेचत, अन् मी धुऱ्यावर पानी सांभाळत. यंदा पहिल्यांदा वेचून राह्यलो. लोकं थकतात, मले मजा येते."

माझ्या मनातला ब्रह्मराक्षस त्या क्षणी खरोखर थोडा मागे सरकला. निखिलला फोन लावून सांगावं असं वाटलं, की अरे, मी नाही घाबरले. चेहरा किती भरलाय बघ या मुलाचा, असं मी बोलूनही दाखवलं.

अमोल वेचता वेचता थांबला. "तो भरला नाई ताई, सुजला. गोळ्यांनं." मग आवाज खाली करून म्हणाला, "फॅक्टर पहिले लय चांगलं आलतं. आता उतरून राह्यलं. लिव्हरचा आकडा चढला. नव्या जीनवाल्या पेशींवर आंगातली फौज तुटून पडते म्हणे, तिले गप बसवाच्या गोळ्या चालू हायेत."

मी विचारलं, "ग्रुपवर का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? सारे माह्याकडं पाहून ठरवून राह्यले. तुम्हीबी त्याच्यासाठीच आल्या ना?"

मी खोटं कसं बोलणार. त्याच्या यकृतातला दिवा फडफडत होता. विझला तर पुन्हा लावता येणार नव्हता. दुपारी शेतात दही-भात खाताना सगळ्या बायका माझी थट्टा करत होत्या, पुण्याच्या बाईला उकिडवं बसता येत नाही म्हणून. मी हसत होते, पण बघत होते अमोलच्या सुजलेल्या चेहऱ्याकडे.

वर्धा

दुसऱ्या दिवशी अमोलला तपासणीसाठी रक्त द्यायला वर्ध्याला जायचं होतं. माझीही परतीची गाडी वर्ध्याहूनच होती, म्हणून बॅग घेऊन मी त्याच्याबरोबर एसटीत बसले. निघताना पुन्हा तो पेला झाला होता. यशोदाताईंनी मला गोरसपाकाचे पैसे देऊ केले, "टेसनावर घ्या, पोराले आवडन." मी ते घेतले नाहीत, पण गोरसपाक घेतला. नानकटाईचा हा तुपाळ चुलतभाऊ वर्ध्याबाहेर कुठे मिळत नाही.

मध्येच कुठेतरी एक म्हैस रस्त्यात आली आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. अमोलचा गुडघा समोरच्या लोखंडी दांडीवर आपटला. आवाज मला ऐकू आला. तो "काई नाई" म्हणाला, पण त्याचा हात आपोआप गुडघ्यावर गेला आणि तिथेच राहिला.

रक्त देऊन झालं. मी एका रसवंतीवाल्याकडून बर्फ मागून आणला, रुमालात बांधला आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून त्याच्या गुडघ्याला लावत राहिले. येणारे-जाणारे बघत होते. गुडघा गरम होता की ऊन होतं, मला कळेना. यशोदाताई म्हणाल्या ते खरं होतं, आईच्या हाताला सगळंच गरम लागतं.

"ताई, तुमची गाडी."

"जाऊ दे गाडी."

पुण्याला पोचून मी निखिलला काय सांगणार होते? तो गुडघा सुजला की नाही हे बघितल्याशिवाय माझा पाय उचलेना. मी तिकीट सोडून दिलं आणि अमोलबरोबर परत गावी आले. दारात यशोदाताईंनी आम्हा दोघांना बघितलं आणि काही न विचारता खुंटीवरचा दोरा काढला. टोक गाठीपासून दोन बोटं अलीकडेच राहिलं. त्या आत जाऊन चूल पेटवायला लागल्या, आणि फुंकणीतून बराच वेळ फुंकत राहिल्या, जाळ लागल्यावरही.

अंगण

सकाळी त्याच कोल्हापूरच्या डॉक्टरबाईंचा फोन आला. अमोलनं स्पीकर लावून तो खाटेवर ठेवला आणि आम्ही तिघं भोवती बसलो.

"अमोल, गोळ्या वाढवूनही लिव्हरचा आकडा खाली येत नाहीये. उलट चढलाय. फॅक्टरचा रिपोर्ट मागून येईल, पण तो उतरलेला असणार. मला खरं सांग, दुसरं काही घेतोस? दारू?"

"कधीच नाई मॅडम."

"दुखण्यावरची गोळी? आयुर्वेदिक, होमिओपॅथिक औषध?"

यशोदाताई पुढे वाकल्या. "मॅडम, तुमच्या गोळ्या सोडून त्याच्या पोटात औषध म्हून काईच जात नाई. मी शपथ घेतो."

त्या खोटं बोलत नव्हत्या. आणि माझी नजर गेली ती मोरीपाशी पालथ्या घातलेल्या स्टीलच्या पेल्यांवर.

माझी पाचावर धारण बसली. बोलावं तर या बाईवर आभाळ कोसळणार होतं. न बोलावं तर तो पेला उद्याही भरला जाणार होता. आणि मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट हलली, ती सांगायला मला आजही लाज वाटते. दोष त्या वेलीचाच निघावा असं मला वाटत होतं. वेलीचा असेल तर जीनचा नव्हता, बटणाचा नव्हता. मग माझा निखिल हा उपचार घेऊ शकत होता. या घराचं नुकसान माझा धीर व्हावा अशी इच्छा मनात आली तेव्हा मला माझीच भीती वाटली.

"मॅडम," मी म्हटलं, "हे रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेतात."

डॉक्टरबाईंनी विचारलं, "कधीपासून?"

"तुमच्याकडून आला तवापासून," यशोदाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "तो काई औषध नाई, मॅडम. काढा हाय. तुम्हीच तं सांगतलं त्याच्या आंगात व्हायरस सोडला म्हून. मंग व्हायरसले काय देतात? कोरोनाच्या टायमाले साऱ्या गावानं हाच काढा पेला. टीव्हीवर सांगे, मोबाइलवर सांगे, इम्युनिटी वाढवा. मी त्याची इम्युनिटी वाढवून राह्यलो होतो."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "यशोदाताई, याच्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. शरीर त्या जीनवर आपलं आपणही चिडतं. पण गुळवेलीनं काही लोकांचं यकृत सुजतं, हे आम्ही पाहिलंय. आणि अमोलची इम्युनिटी आपल्याला आत्ता वाढवायची नाही, गप्प ठेवायची आहे. हे तुम्हाला आम्ही नीट सांगायला हवं होतं. आजपासून काढा पूर्ण बंद."

एकाच अंगात रुग्णालयाच्या गोळ्या फौजेला झोपवत होत्या आणि आईचा पेला तिला रोज सकाळी उठवत होता, असं माझ्या मनात आलं. खरंच तसं घडत होतं का, कोण जाणे.

"माय, तुयी चूक नाई," अमोल म्हणाला. "मले तं मालूम पाह्यजे होतं, मी तं शिकेल हाय."

यशोदाताई रडल्या नाहीत. त्या उठल्या, विळा घेतला आणि निंबाच्या बुंध्याशी जाऊन ती अंगठ्याएवढी वेल खालून कापायला लागल्या. विळा घसरत होता, तरी कापत राहिल्या. वेल तुटली. वरचा सगळा पसारा झाडावर तसाच हिरवागार लोंबत राहिला.

मी आत जाऊन बॅगेतली चिंधीनं बांधलेली जुडी काढली आणि त्या तुटलेल्या वेलीपाशी टाकली. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुम्हीबी नेऊन राह्यल्या होत्या ना, पोरासाठी?"

"हो. मीही देणार होते. तेही न विचारता."

तेव्हा त्या माझ्याशेजारी ओट्यावर बसल्या आणि मग रडल्या. मी त्यांचा हात धरून बसले होते आणि त्यांच्या खांद्यावरून मला अमोल दिसत होता. तो स्वतःच स्वतःच्या गुडघ्याला दोरा लावून बघत होता.

पुणे

घरी आल्यावर निखिलनं दारातच विचारलं, "घाबरलीस?"

"खूप," मी म्हटलं. सगळं सांगितलं. मोटारसायकल, कापूस, एसटी, पेला, दोन बोटं अलीकडे राहिलेला दोरा. त्या अंगणात माझ्या मनात काय आलं होतं, तेही सांगितलं. तो ऐकत राहिला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. गोरसपाक संपवला तेवढा.

पुढचे काही आठवडे मी फोन वाजला की दचकायची. मग एका रविवारी यशोदाताईंचा आला.

"लिव्हरचा आकडा उतरला, बाई. फॅक्टर अर्ध्यावर आलं, पर तिथंच थांबलं. मॅडम म्हणे, इतकं टिकलं तरी लय हाय." मग म्हणाल्या, "ते वेल तोडली होती ना मी? मेली नाई ते. वरून दोऱ्यासारख्या मुळ्या सोडून राह्यली, जमिनीकडं. मी रोज कापतो, ते रोज सोडते."

निखिलनं माझ्या हातातून फोन घेतला आणि स्पीकर लावला.

"मावशी, मी निखिल. तुम्हाला भीती नाही वाटत आता?"

"वाटते ना बाबू. काऊन नाई वाटन? पहिले मले तो पडन याचं भेव वाटे. आता रिपोर्ट काय येईन याचं वाटते. पर परवा तो धुऱ्यावरून घसरला. गुडघ्यावरच पडला. मी वेचणं सोडून त्याच्यापाशी बसलो. संध्याकाळी दोरा लावला."

मीच फोनकडे वाकून विचारलं, "मग?"

"गाठीले टेकला, बाई."

निखिलनं फोन मला परत दिला. टेबलाच्या कोपऱ्याला बांधलेल्या मोज्याची गाठ तो थोडा वेळ उगाच ओढत बसला, आणि मग म्हणाला, "आई, त्या रक्ताच्या तपासणीला येशील ना माझ्याबरोबर? घाबरत घाबरत ये, पण ये."